गोफणच्या पुढचं चाक

गोफण रिकाम्या रस्त्यावरही कुणाच्या तरी मागे सायकल चालवायचा. मुरबाड रोडला नुकतं उजाडलेलं असायचं, नजर पोचेल तिथवर पुढे कुत्रंसुद्धा नसायचं, आणि हा मान खाली घालून, जमिनीपासून हातभर उंचीवर नजर रोखून पाय मारत असायचा. ही नजर सायकलवाल्यांना ओळखू येते. पुढच्याच्या मागच्या चाकावर ठेवतात ती. ते चाक डावीकडे गेलं की आपण डावीकडे, त्यानं खड्डा चुकवला की आपणही चुकवायचा. गोफण अगदी तसंच करायचा. मधेच अंग झुकवून बाजूला व्हायचा आणि त्यानंतर मला, त्याच्या मागून येणाऱ्याला, खड्डा दिसायचा. त्याला तो आधी दिसला असेल म्हणावं, तर तो रस्त्याकडे बघतच नसायचा.

त्याचं खरं नाव नामदेव. डोंबिवलीतल्या कोपरच्या जुन्या गावातलं आगरी घर. शेतं इमारतींखाली गेली, त्यांतल्या दोन-तीन इमारती घरच्याच नावावर आहेत. पण आजोबांची पाखरं हाकलायची गोफण अजून ओटीवरच्या खुंटीला लटकलेली आहे. नामदेवला हे नाव दिलं त्याच्या थोरल्या चुलतभावानं. या भावाला सगळं कोपर दादूस म्हणायचं. कुणी विचारलं की दादूस हात गरागरा फिरवून सांगायचा, "याला आपन असा फिरवायचा आन् सोरायचा. लांब जातं पोरगं."

मी त्या दोघांना पहिल्यांदा पाहिलं ते टेंभी नाक्याला संपलेल्या एका स्थानिक शर्यतीत. मी ठाण्याच्या वर्तकनगरचा. घरचे मूळचे राजापूरकडचे, वडील कंपनीत. शर्यत संपल्यावर गोफणनं मला विचारलं, "कुठला रे तू?" मी वर्तकनगर म्हणालो, आणि त्या दिवसापासून त्यानं मला वर्तक करून टाकलं. माझं आडनाव वर्तक नाही हे त्याला पुढे कळलं, माझ्या लग्नाची पत्रिकाही त्यानं वाचली, पण हाक कधी बदलली नाही.

गोफण स्प्रिंटर होता. ज्यांना आमचा खेळ माहीत नाही त्यांना सांगतो, स्प्रिंटर हा दिवसभर काहीही न करणारा माणूस असतो. सबंध शर्यत तो दुसऱ्यांच्या आडोशाला बसतो. समोरून येणारा वारा कापायचं काम पुढचे करतात, आणि हा आपले पाय सांभाळत मागे. शेवटच्या दोनशे मीटरला पुढचा माणूस त्याला अक्षरशः फेकतो, आणि मग त्या पंधरा-वीस सेकंदांत स्प्रिंटर दिवसभराची सगळी कमाई करतो. पुढे ओढणारा तिथेच खलास होतो. त्याचा फोटो येत नाही. टेंभी नाक्याला मी पाहिलं तेव्हा दादूस ओढत होता. मान छातीत, पाठ टेबलासारखी सपाट. मग त्याचा उजवा कोपर हलला, पाखरानं पंख झटकावा इतकाच, आणि गोफण उजवीकडून सुटला. पुढे आमच्यात विनोदच झाला होता, कोपरच्या पोरांचा कोपर हलला की बाकीच्यांनी घरी जावं.

दोघांच्या मधे कुणी चाक घातलेलं मात्र दादूसला खपायचं नाही. घोळक्यात कुणी त्या जागेत शिरू पाहिलं की तो मागे न बघता ओरडायचा, "सोर! सोर!" म्हणजे सोड. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, आणि दादूसच्या घशातून निघाला की तो 'र' पाठीत बुक्की बसल्यासारखा लागायचा. मीही एकदा खाल्लाय.

दादूस गेला तो मुरबाड रोडलाच. त्या सकाळबद्दल गोफण माझ्याशी एकदाच बोलला. सराव होता, शर्यत नव्हती. दोघं गप्पा मारत चालले होते, दादूस पुढे, हा त्याच्या चाकाला. अचानक दादूसनं उजवा कोपर हलवला. सरावाला कधी कुणी कोपर हलवत नाही. पण वर्षानुवर्षांची सवय, गोफण विचार न करता उजवीकडून सुटला. त्याच क्षणी डावीकडच्या खडीच्या रस्त्यानं एक डंपर बाहेर आला. "आवाज झाला मागं," गोफण म्हणाला. "पन सुटल्यावर मागं बघायचं नसतं ना रे. त्यानंच शिकवलेलं." तो बराच पुढे जाऊन थांबला होता.

दादूसला डंपर दिसला होता का, दिसला असेल तर त्यानं ब्रेक दाबायचा सोडून कोपर का हलवला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. गोफणनं केला नाही. त्याच्या लेखी ते स्पष्ट होतं.

कित्येक महिने त्यानं सायकलला हात लावला नाही. त्याला पुन्हा बसवलं ते दादूसच्या आईनं, पारूकाकीनं. दोन्ही सायकली तिच्या ओटीवर भिंतीला टेकून होत्या. एका सकाळी तिनं त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "एक तरी गारी काढ हितून. घर हाय का गोडाऊन?" गोफण स्वतःची काढून बाहेर पडला. त्यानंतर तो जे जिंकत सुटला ते बघून आम्ही चक्रावलो. त्याच्या पुढे ओढायला कुणी नव्हतं. घोळक्याच्या एका कडेला, उघड्या वाऱ्यात, एकटा बसलेला असायचा. आणि शेवटी कुणीही कोपर न हलवता, ठरल्या जागी, उजवीकडून सुटायचा. सुटण्यापूर्वी मान किंचित हलवायचा, 'हो' म्हणाल्यासारखी.

त्याची आणखी एक खोड होती. लांबच्या सरावात तो पाण्याची बाटली काढायचा, आणि स्वतः पिण्याआधी हात लांब करून ती पुढे धरायचा, जशी आपण पुढच्याला देतो तशी. थोडा वेळ तशीच धरायचा. मग हात मागे घ्यायचा, बाटली कानाशी हलवून बघायचा, आणि उरलेलं प्यायचा. मी एकदा हसत विचारलं, "काय रे, कुणाला पाजतोस?" त्यानं नुसतं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. एवढं साधं कसं कळत नाही याला, असा तो चेहरा होता.

अशा त्या दिवसांत मलेशियातल्या एका छोट्या व्यावसायिक संघानं त्याच्याशी करार केला. डोंबिवलीचा पोरगा पगारी रायडर झाला म्हणून स्टेशनबाहेर त्याचे फलक लागले. संघाला त्याच्या भाषेत बोलणारा आणि त्याच्यासाठी ओढणारा एक माणूस हवा होता. माझं नाव त्यानंच सुचवलं. दादूसची जागा मला मिळाली, असं घरी सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्याच सरावाला तो माझ्या मागे लागला, पण चिकटला नाही. त्याच्या आणि माझ्या चाकात एक सायकल मावेल एवढी जागा ठेवली. स्प्रिंटरनं असं करणं म्हणजे छत्री उघडून तिच्या बाहेर उभं राहण्यासारखं आहे. मी ओरडलो, "अरे जवळ ये ना, आडोसा मिळत नाही तुला." तो म्हणाला, "मधे जागा राहू दे, वर्तक. तू फक्त सरळ चाल." कोचनं समजावलं, चिडून सांगितलं, शेवटी ताकद मोजायचं यंत्र सायकलला लावलं. आकडे आले. एवढी जागा सोडून त्या वेगानं जायला जेवढा जोर लागायला हवा, तेवढा गोफणला लागतच नव्हता. कोचनं यंत्र बदललं. दुसरंही तेच सांगू लागलं. मग त्यानं यंत्रच काढून टाकलं आणि म्हणाला, जिंकतोय ना, जिंकू द्या.

आणि तो जिंकत होता. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात घोळका कसा असतो ते सांगायला हवं. कोपराला कोपर घासतो, तळहाताएवढी फट दिसली तरी दोघं तिच्यात घुसतात. तिथे माझ्या मागे एक सबंध सायकल मावेल एवढी मोकळी जागा असायची, आणि तिच्यात कुणी यायचं नाही. पुढे मी, मग ती जागा, मग गोफण. नंतर मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचो. दोन्ही बाजूंनी गर्दी वळणं घेत जायची, आणि ती जागा आमच्याबरोबर तशीच्या तशी पुढे सरकायची.

एकदाच एक जण आत आला. इंडोनेशियाचा एक उमदा पोरगा, दुसऱ्या संघातला. आला आणि लगेच असा बाहेर पडला की पडता पडता वाचला. संध्याकाळी हॉटेलात जेवताना तो माझ्या टेबलाशी आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या भाषेत 'सोर' म्हणजे काय?"

मी विचारलं, कुठे ऐकलंस?

"तू ओरडलास ना आज माझ्यावर. दोनदा. सोर, सोर."

मी ओरडलो नव्हतो. गोफण तर शर्यतीत तोंड उघडतच नसे. मी त्याला विचारलं, आवाज नक्की कुठून आला. त्यानं टेबलावरचे दोन चमचे एकामागे एक ठेवले. हा तू, हा तुझा मित्र. आणि मधल्या रिकाम्या टेबलक्लॉथवर बोट टेकवलं. पलीकडच्या टेबलावर गोफण खाली मान घालून भात खात होता. त्यानं ऐकलं असावं, कारण त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात, भावाची खोड दुसऱ्या कुणी सांगितल्यावर येतं तसं, हसू आलं होतं.

तरी मी मानत नव्हतो. मानलं ते पुढे, एका चढाच्या टप्प्यावर. माझं चाक बसलं, बदलून घेईपर्यंत मी मागे पडलो, आणि धापा टाकत कसाबसा येऊन गोफणच्या मागे लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे सायकल चालवलेल्या माणसाला आडोशाची जाण अंगात असते. पुढे एक माणूस असला की वारा खांद्यांवरून जातो. एकामागे एक दोन असले की तो वरूनच कुठेतरी निघून जातो, आपल्याला लागतच नाही. सायकल जणू आपोआप ओढली जाते. त्या दिवशी गोफणच्या पुढे कुणी नव्हतं. मी मान वाकडी करून पाहिलं. नुसता रस्ता होता. आणि माझ्या अंगाला वारा लागत नव्हता. पुढे दोन माणसं होती.

हंगाम संपल्यावर आम्ही घरी आलो, तेव्हा काकीनं दोघांना जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. काकी वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आमचं निम्मं जेवण होईपर्यंत ती नुसती वाढत राहिली. मग एकदम म्हणाली, "नामा, तू जिंकतंस तवा मना फोन यायच्या आदीच कलतं."

गोफणनं वर पाहिलं.

"ओटीवर कुनीतरी धापा टाकतं. भर दुपारचा. छाती फुटंल अशा. मी भायेर जाते, कुनी नाय. पानी ठेवून येते. मग तुजा फोन येतो, काकी, मी जिकलो." तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. आवाज चढला नव्हता. "तू दमत नायस ना रे जिकून? तुजा फोटो बगते मी, तू हसतंस. मंग माजा पोर कशाला दमतो? मेला तरी त्याला बसू देत नायस. किती वारा खायला लावशील त्याला?"

गोफणनं ती भाकरी संपवली. काकीनं वाढलेलं टाकायची त्याची छाती नव्हती. बाहेर आल्यावर गल्लीच्या तोंडाशी तो उभा राहिला. म्हणाला, "मी बोलवत नाय रे त्याला. तो असतोच."

मी म्हणालो, "मग त्याच्या मागे बसू नकोस."

"मग कुठं बसू?" त्यानं विचारलं. देशातला सगळ्यात वेगवान माणूस, आणि मेळ्यात हात सुटलेल्या पोरासारखं त्यानं ते विचारलं.

पुढच्या हंगामातली एक शर्यत समुद्राकाठच्या लांब, सरळ रस्त्यावर संपत होती. वारा समोरून होता. असा शेवट म्हणजे गोफणचा हक्काचा. सकाळी सायकल पुसता पुसता तो मला म्हणाला, "आज तू ओढायचं नाय. माझ्या मागं राहा. पन चाकाला चाक लावू नकोस. मधे जागा ठेव."

"तुझ्या मागे?"

"हां. माझ्या मागं."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी मान हलवली.

शेवटचा टप्पा आला. सगळे एकमेकांच्या आड दडून बसलेले, कुणालाच त्या वाऱ्यात आधी तोंड घालायचं नव्हतं. आणि शेवटच्या रेषेवरची कमान अजून दिसतही नव्हती तेव्हा गोफण घोळक्यातून बाहेर पडून सगळ्यांच्या पुढे गेला. कुठला स्प्रिंटर असं करत नाही. मी जागा ठेवून त्याच्या मागे. वायरलेसवर कोच किंचाळत होता. गोफणनं मान छातीत घातली, पाठ सपाट केली. मला मागून जी पाठ दिसत होती ती मी टेंभी नाक्याला पाहिलेली होती. तो ओढत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर सगळा वारा येत होता आणि त्याची सायकल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हेलकावत होती. धापा मला ऐकू येत होत्या. त्याच्या होत्या, आणि त्याच्याहून जवळ, माझ्या अगदी पुढ्यात, आणखी कुणाच्या तरी. या दुसऱ्या शांत होत्या. दिवसभर आडोशाला बसलेल्या माणसाच्या असतात तशा.

कमान दिसली. गोफणचा उजवा कोपर हलला आणि तो डावीकडे झाला.

त्यानंतर काय झालं ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. गोफण बाजूला झाला की मला वारा लागायला हवा होता. लागला नाही. क्षणभर तो आडोसा माझ्या पुढे तसाच राहिला. मग माझ्यापासून लांब गेला, लांब, आणखी लांब, एखादा माणूस उजवीकडून सुटून निघाल्यासारखा. टायरचा सूं असा आवाज कमानीच्या दिशेनं गेला. आणि मग समुद्रावरचा सगळा वारा माझ्या छातीवर येऊन आदळला.

मागचे सगळे आम्हाला ओलांडून गेले. गोफण रेषेपलीकडे आला तो जवळजवळ शेवटी. सायकलवरून उतरला, ती आडवी टाकली आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. कोच येऊन नाही नाही ते बोलला. गोफणनं ऐकलंही नसावं. त्या रस्त्याला पुढे वळण होतं, त्या वळणाकडे तो बघत होता. दादूस गेला तेव्हा हा रडला नव्हता, असं मी त्याच्या घरच्यांकडून ऐकलं होतं. त्या दिवशी, इतक्या माणसांत, पालथ्या हातानं तोंड पुशीत तो खूप रडला.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं घरी फोन लावला. फोन त्याच्या आईनं उचलला. स्पीकरवर होता, मी शेजारीच होतो. "काकीला दे," तो म्हणाला.

"पारू झोपलीय रे. दुपारी जेवली आन् ओटीवरच आरवी झाली. कवाधरनं अशी झोपली नव्हती. उठवू?"

"नको," गोफण म्हणाला. "नको उठवू."

त्यानंतर तो जिंकला नाही. एकदाही नाही. संघानं करार पुढे वाढवला नाही. इकडच्या पेपरात फॉर्म गेला असं आलं, कुणी दुखापत म्हणालं, कुणी डोक्यात हवा गेली म्हणालं. तो परत आल्यावर दोन हंगाम इथल्या शर्यती खेळला. घोळक्याच्या मधे कुठेतरी असायचा आणि शर्यत पूर्ण करायचा. मग त्यानं थांबवलं. आता घरच्या इमारतींचं बघतो, लग्न झालं आहे, पोट सुटायला लागलं आहे. काकी गेल्या वर्षी गेली, झोपेतच. मी ठाण्यात नोकरी करतो. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही दोघं बापगाव मार्गे पडघ्याकडे जाऊन येतो.

मागच्या वेळी वारा समोरून होता. मी पुढे व्हायला लागलो तर त्यानं हातानं थांबवलं आणि स्वतः पुढे झाला. मान आता वर असते त्याची. रस्ता बघतो, खड्ड्यात जातो, शिव्या देतो. बरंच अंतर ओढल्यावर त्यानं वेग कमी केला आणि माझ्या बरोबरीला आला. चेहरा लाल झाला होता.

"वर्तक, वारा लागतो रे खूप," तो म्हणाला. "सगळ्यांना एवढाच लागतो?"

"एवढाच."

"नेहमी?"

"नेहमी."

त्यानं बाटली काढून दोन घोट घेतले. मग म्हणाला, "मग तुम्ही लोक जिंकता कसे?"

"आम्ही कुठे जिंकतो?" मी म्हणालो.

"हां," गोफण म्हणाला. "ते पन हाय." आणि पुन्हा पुढे झाला.